बिनतोंड्या पतंगांची हाक

एका राज्यात एके सकाळी विहिरीने ओ दिली नाही.

गोष्ट एवढीशीच. पण राजकन्या हरिणी कठड्यावर ओणवली होती ती तशीच थिजून राहिली. राजवाड्यामागे तळं, तळ्याकाठी दाट ओली राई, आणि राईच्या कडेला ही बारव. लहानपणापासून रोज सकाळी हरिणी तिच्यात आपलंच नाव टाकी, "हरू!" आणि खालच्या गारव्यातून बारव ते नाव परत करी, "हरू... रू..." मगच तिचा दिवस सुरू होई. त्या सकाळी हाक खाली गेली आणि खालीच राहिली.

तिने पुन्हा हाक मारली. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

"नसेल दिली ओ," मागे उभी असलेली दासी म्हणाली. "विहिरीलाही कंटाळा येतोच की, ताईसाहेब. रोज रोज तेच नाव!"

हरिणी हसली नाही. ती पान पडलं तरी दचके, ताट वाजलं तरी दचके, कुणी मागून खाकरलं तर तिच्या हातचं भांडं सुटे. तिच्या दचकण्याची सगळ्या राजवाड्याला इतकी सवय झाली होती की, आता कुणी तिला काय झालं म्हणून विचारतही नसे. तिने खांद्यावरचा आईचा जुना शेला ओढून घेतला आणि त्याच्या गाठी बोटांनी चाचपत ती भावाकडे धावली.

भावाचं नाव सुकेतू. त्याच दिवशी तो गादीवर बसायचा होता.

"दादा, विहीर बोलली नाही."

"अभिनंदन कर की आधी," सुकेतू म्हणाला. दोन सेवक त्याला कमरपट्टा बांधत होते. "परवा तुला छपराचा वासा हसल्यासारखा वाटला होता."

"हसला नव्हता, करकरला होता. आणि दुसऱ्या दिवशी पडला की नाही?"

"पडला बाई, पडला. आज नको ना काही पडायला. आणि हे काय, आज तरी तो गाठाळ शेला काढ. तुला नवी पट्टी मिळाली नाही का?"

मिळाली होती. दरबारातल्या प्रत्येकाला, नगरातल्या प्रत्येक घराला नव्या रेशमाची एकेक पट्टी मिळाली होती आणि सगळ्यांनी ती हौसेने मनगटावर बांधली होती. गोठ्यातल्या गाईंच्या आणि दारच्या कुत्र्यांच्या गळ्यातही ती झळकत होती. हरिणीनेही बांधून पाहिली. पण ती पट्टी पाण्यासारखी गुळगुळीत. तिच्या बोटांना चाचपायला त्यात काही सापडेना. जीव घाबरा झाला आणि तिने ती सोडून ठेवली.

आता हे नवं रेशीम काय होतं, ते ऐका. त्या राज्याच्या राईत पतंगांची वस्ती होती. सुपाएवढाले पतंग. रंग विटकरी, कडेला पिवळी किनार, आणि प्रत्येक पंखावर अभ्रकाच्या तुकड्यासारखी तिकोनी खिडकी. पलीकडचं आभाळ दिसे तिच्यातून. पंखांची टोकं अशी वळलेली की नागाने फणा काढावा, त्यावर डोळासुद्धा रेखलेला. असा हा भव्य जीव, पण त्याला तोंड नसे. अळी असताना जे खाल्लं त्यावरच तो चार दिवस जगे. राज्याचा रिवाज असा की, पतंग कोश फोडून उडाला की मगच रिकामा कोश झाडावरून उतरवायचा. फुटलेल्या कोशाचा धागा तुटलेला निघे. विणकर गाठी मारमारून विणत. म्हणून त्या राज्याचं रेशीम गाठाळ, आणि राजाचा शेलाही गाठाळ.

शेजारच्या राज्यात एका लग्नाच्या पंगतीत सुकेतूच्या शेल्याकडे पाहून कुणीतरी म्हणालं, "राजपुत्र गोणपाट पांघरून आले वाटतं!" पंगत हसली. सुकेतूने हातचा घास खाली ठेवला. परत आल्यावर त्याने राईत कढया चढवल्या आणि सगळेच्या सगळे कोश, आतल्या जिवांसकट, उकळत्या पाण्यात सोडले. अखंड धागा निघाला. त्याचा शेला विणला, तो वाऱ्यावर धुरासारखा तरंगे. उरल्या धाग्याच्या पट्ट्या झाल्या. राईत एकही पतंग उरला नाही.

मांडव राईतच घातला होता. राजपुरोहितांनी सुकेतूच्या खांद्यावर नवा शेला घातला. भालदाराने ललकारी द्यायला छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तोंडातून काहीच आलं नाही.

सनईवाल्यांचे गाल फुगले होते. सनई मुकी. राजपुरोहित घाईघाईने ओठ हलवू लागले. मंत्र मात्र निघेना. तान्ही मुलं आकांताने तोंड वासत होती आणि आवाज नव्हता. सगळ्यांचे हात आपापल्या गळ्याशी गेले. इकडे तो तलम शेला सुकेतूच्या छातीभोवती फिरला, मानेभोवती फिरला, डोक्यावरून गेला. त्याने हरिणीकडे एकदा पाहिलं. मग डोळेही झाकले गेले. सिंहासनावर राजाच्या जागी माणसाएवढा सोनेरी कोश उभा राहिला.

प्रधान शंभुदत्तांनी तलवार उपसली आणि कोशावर उगारली.

"थांबा!"

हा एकच आवाज मांडवात घुमला, आणि तो हरिणीचा होता. तीच त्याने सर्वांत जास्त दचकली.

"काका, कापू नका! हाताने सोडवलेला पतंग पंख पसरत नाही. आपल्या इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे ते."

प्रधानांची तलवार हळूहळू खाली आली. हरिणी कोशाला बिलगली. "दादा! दादा, ओ दे ना!"

"ओ, हरू," सुकेतूचा आवाज आला.

ती आनंदाने किंचाळलीच. "दादा!"

"आत नाही, वर बघ. छत्रावर."

छत्रावर एक काळाभोर पक्षी बसला होता. डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकांना दोन पिसं. भृंगराज तो.

"माझ्या दादाच्या आवाजात का बोलतोस?"

"मग कुणाच्या बोलू? सगळी रानं माझ्या घशात आहेत, माझा एकही सूर नाही. शाप आवाज न्यायला आला, तर माझ्याकडे न्यायला काही सापडलंच नाही त्याला." भृंगराजाने मान तिरपी केली. "तुझा राहिला तो या शेल्यामुळे. त्यातली एकेक गाठ म्हणजे सुटून गेलेला एकेक पतंग. त्यांच्या अंगचा वास आहे त्यात. शापाला तो ओलांडता येईना."

"आणि दादा?"

"कोशात गेलेला जीव आधी विरघळतो. नाव, रूप, आठवण, सगळ्याचा रस होतो. आता पळस फुललाय. पळसाचं शेवटचं फूल गळायच्या आत त्याने कुणाच्या तरी हाकेला ओ दिली, तर तुझा दादा बाहेर येईल. नाही दिली, तरीही काहीतरी बाहेर येईल म्हणा."

हरिणीने दोन्ही हातांनी शेला घट्ट धरला. "शाप कुणाचा?"

"पतंगमायेचा. कोरड्या मुलखापलीकडे, पाऊसघाटात. चल, मी वाट दाखवतो. मला तिकडे खायला बरं मिळतं."

"काय खायला?"

"पतंग," भृंगराज म्हणाला आणि उडाला.

कोरडा मुलूख म्हणजे बाभळी, बोरी, तडकलेली माती. बांधाबांधावर पळस पेटलेले. हरिणी मान वर करून चाले. एखादं फूल गळालं की तिची पावलं झपझप पडू लागत. रस्त्याने कुठे कुणाशी बोलायला गेली तर बोलणं अर्ध्यात विसरे. पायाला फोड आले, पण बसवत नव्हतं. बसलं की विहीर आठवे.

पाऊसघाटाच्या तोंडाशी एक वृक्ष वाट अडवून उभा होता. त्याच्या प्रत्येक फांदीवर नागाचा फणा डोलत होता.

"यातले काही नाग आहेत, काही पतंगांचे पंख," भृंगराज म्हणाला. "पंखाला हात लावलास, तर माय दर्शन देईल. तीन कामांतलं हे पहिलं."

"आणि नागाला लावला तर?"

"तर उद्यापासून मी तुझ्या आवाजात बोलेन."

हरिणी जवळ गेली. सगळे फणे सारखे, सगळ्यांवर डोळे. तिने हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला. तेवढ्यात वरून एक वाळकी शेंग टपकन तिच्या खांद्यावर पडली. झालं! ती जोरात दचकली, दोन्ही पाय जमिनीवर आदळले, आणि त्या हादऱ्याने फांद्याफांद्यांवरचे फणे सर्रकन तिच्याकडे वळले.

सगळे नाही वळले. काही फणे जिकडे पाहत होते तिकडेच पाहत राहिले.

"रंगवलेला डोळा वळत नाही," ती पुटपुटली. तिने डोळे मिटले नाहीत. न वळलेल्या एका फण्यावर तिने अलगद बोट टेकलं. भुकटीसारखं काहीतरी मऊ बोटाला लागलं. नाग आले तसे गेले, आणि झाडाची साल वाटत होती ती उलगडू लागली. दरवाजाएवढाले दोन विटकरी पंख. खिडक्यांतून हिरवा उजेड. पिसासारख्या दोन मिशा.

पतंगमायेला तोंड नव्हतं. भृंगराज तिच्या माथ्यावर जाऊन बसला आणि बोलू लागला. हा आवाज सुकेतूचा नव्हता. हरिणीच्या गेलेल्या आईचा होता. त्या आवाजाने ती दचकली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मुली, आमची वस्ती मोजकी. या ओल्या घाटात आम्ही विटकरी असतो. हिमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी आमचा रंग फिका. पूर्वसमुद्राच्या बेटांवर चिंचोक्यासारखा काळपट. मधल्या कोरड्या मुलखात आम्ही नाही. अळीला ओला पाला लागतो. त्या सगळ्या कोरड्यात आमचा एकच ठिपका होता, तुमची राई. तुमच्या पूर्वजांनी राखली, म्हणून आम्ही राहिलो. तुम्ही ती कढईत घातलीत."

"दादा चुकला, माय."

"आम्ही बिनतोंडी. आमची मादी आवाजाने बोलावत नाही. अंगचा वास वाऱ्यावर सोडते आणि वाट पाहते. मैलोगणती लांबून नर त्या वासाला ओ देतो. तुमच्या राईत आता ना हाक उरली, ना ओ. म्हणून मी शाप दिला. तुमच्या राईत आमच्या हाकेला ओ मिळेल, तेव्हाच तुमच्या हाकेला मिळेल."

"मी काय करू?"

"एक झालं. दुसरं आता. तळहात पुढे कर."

हरिणीने उजवा हात पुढे केला. त्यावर एक पान पडलं, पानावर बोटभर जाडीची अळी. फिकी हिरवी, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी. तिने डोकं हलवत धागा ओढायला सुरुवात केली.

"तिचा कोश पुरा होईतो हा हात हलता कामा नये," आईचा आवाज म्हणाला.

ज्या मुलीला घटकाभर एका जागी बसवत नसे, ती बसली. ऊन पायाशी होतं ते मांडीवर आलं. डास कानाशी गुणगुणले. पोटरीवर जळू चढली. तिचा गार स्पर्श हळूहळू वर सरकत होता. ढग गडगडले, तेव्हा हरिणीचं सगळं अंग आतल्या आत उडालं, पण उजवा हात तिने दगडासारखा ठेवला. डावा हात मात्र शेल्यात होता. एक गाठ, दुसरी गाठ, पुढची गाठ. अळी धाग्याआड दिसेनाशी झाली. मग नुसती सळसळ ऐकू आली, आणि मग तीही थांबली.

"मादी आहे," आवाज म्हणाला. "तिसरं काम. हिला तुमच्या राईत ने. ती हाक घालील. तिला ओ मिळव."

"पण नर तर इथे आहेत! कोरड्या मुलखात ते येत नाहीत, तुम्हीच म्हणालात."

पतंगमायेने पंख मिटले. समोर पुन्हा नुसती साल.

"संपलं बोलणं," भृंगराज म्हणाला. तो पुन्हा सुकेतूच्या आवाजावर आला होता. "वास निम्म्या वाटेतच विरतो गं. मधे काही वस्तीच नाही त्यांची. अवघडच आहे."

घाट संपला. पहिली बाभूळ आली आणि हरिणी थांबली. शेला तिच्या मुठीत होता. तिने तो नाकाशी धरला. किती वर्षांचा जुना, तरी त्याला ओल्या रानाचा मंद वास होता.

"भृंगराजा, या गाठींत पतंगांचा वास आहे म्हणालास ना?"

"म्हणालो. आणि म्हणूनच तुझा आवाज आहे, हेही म्हणालो. विसरू नकोस."

हरिणीने शेल्याची कड दातांनी तोडली, धागा उसवला आणि गाठीसकट तुकडा बाभळीच्या काट्याला बांधला. पुढच्या बोरीला दुसरा. मग बांधावरच्या पळसाला. ती चालत राहिली, उसवत राहिली. शेला खांद्यावरून छातीवर, छातीवरून हातभर झाला. तिचा आवाज आधी बसला, मग घोगरा झाला.

"वेडी आहेस," भृंगराज म्हणाला.

"मग... नराला वाट... कोण दाखवील?" ती कशीबशी म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं. राज्याच्या वेशीवरच्या कडुनिंबाला तिने शेवटची गाठ मारली. बोटं सवयीने खांद्याशी गेली. तिथे काहीच नव्हतं.

राईत पोचताच तिने पहिली कढई स्वतः लाथेने पालथी केली. प्रधान शंभुदत्त पाहत राहिले. मग त्यांनी पागोटं काढून ठेवलं आणि दुसरी कढई उलथली. मुक्या नगराने कढयांखालच्या चुली मोडल्या. मनगटावरच्या पट्ट्या सोडून लोकांनी त्या पतंगांच्या झाडांच्या मुळाशी पुरल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सांगता येतच नव्हतं. आवाज मात्र कुणाचा परत आला नाही.

हरिणीने जपून आणलेला कोश सुकेतूच्या कोशाजवळच्या फांदीला टांगला. सकाळी तो आतून ओला झाला, मऊ झाला, आणि मादी बाहेर आली. पंख पिळलेल्या ओल्या धडप्यासारखे चुरगळलेले. धावून ते सरळ करावेत असं हरिणीच्या हातांना वाटत होतं. तिने हात काखेत दाबून धरले. पंख आपले आपण भरत गेले, उलगडले, वाळले. दिवेलागणीला मादी फांदीवर स्थिर बसली आणि तिने आपली हाक वाऱ्यावर सोडली.

कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवेलागणीला वारा उलटा होता. कुणी आलं नाही. मादीच्या पंखांची किनार झडू लागली. तिला काही भरवावं म्हटलं तर तोंडच नव्हतं. सुकेतूच्या कोशाला हरिणीने कान लावला. आत काहीतरी पाण्यासारखं डुचमळलं.

तिसऱ्या दिवेलागणीला राईबाहेरच्या पळसावर एकच फूल उरलं होतं. हरिणी कोशाशी बसली होती. हाक मारायला आवाज नाही, चाचपायला गाठ नाही. तिला वाटलं, ही मादीही अशीच बसली आहे की! तोंड नाही, आणि तरी अंगाचा कण न् कण हाक मारतो आहे. हरिणी तिच्यासारखीच निश्चल झाली. पान पडलं. ती दचकली नाही.

बारवेच्या बाजूने एक सावली आली. झोकांड्या खात, एका पंखाचा तुकडा गेलेली, कोरड्या मुलखाच्या धुळीने माखलेली. मादीपेक्षा लहान, जास्त लाल. मिशा केवढ्या रुंद! त्या नराच्या पायात एक जुना धागा अडकला होता, आणि धाग्याला गाठ होती.

भृंगराज छत्रावर ताठ झाला. "किती दिवसांत पोटभर खाल्लं नाही मी," तो म्हणाला.

हरिणीला ओरडता येत नव्हतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय अशी? नाही खात," भृंगराज म्हणाला, आणि त्याने चोच पिसांत खुपसली.

नर फांदीवर उतरला. मादीच्या पंखाला त्याचा पंख लागला.

नगरात कुठेतरी एक तान्हं मूल रडलं. मग गोठ्यातून गाय हंबरली. प्रधानांच्या तोंडून "अरे देवा!" निघालं आणि ते स्वतःच्याच आवाजाकडे बघत राहिले. हरिणीच्या गळ्यात काहीतरी सुटलं. ती उठली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून तिने हाक मारली.

"दादा!"

"दादा... दा..." बारव म्हणाली.

पळसाचं फूल देठाशी हललं.

"ओ, हरू."

हरिणीने झटकन छत्राकडे पाहिलं. भृंगराजाची चोच अजून पिसांतच होती.